निळडोक्या माशाचा हिशेब

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून बहामा, क्यूबा, जमैका असे करत पनामाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या उथळ प्रवाळखडकांवर पाण्यात डोके घातले, की बहुधा पहिल्या काही मिनिटांतच एक मासा नजरेस पडतो. त्याचे डोके गडद निळे असते, डोक्यामागे दोन काळे पट्टे आणि त्यांच्यामध्ये एक फिकट पट्टा असतो, आणि तिथून शेपटीपर्यंतचे अंग हिरवे असते. तीन निरनिराळ्या माशांचे तुकडे कोणी एकत्र जोडले असावेत, असा त्याचा थाट असतो. इंग्रजीत त्याला ब्लूहेड रास म्हणतात. तो आपल्या समुद्रात सापडत नाही, त्यामुळे मराठीत त्याला नाव असण्याचे कारण नाही. या लेखापुरते आपण त्याला निळडोक्या म्हणू. बर्लिनमधील वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कस ब्लॉख यांनी १७९१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्या दोन पट्ट्यांवरूनच त्याला ‘बायफॅसिएटम’, म्हणजे दुपट्टी, असे जातिनाम दिले. आज त्याचे पूर्ण शास्त्रीय नाव थॅलासोमा बायफॅसिएटम असे आहे.

या एका निळडोक्याच्या आसपास पिवळ्या रंगाचे, अंगावर गडद आडवी रेघ असलेले, बोटभर लांबीचे पुष्कळ मासे वावरत असतात. ते इतके वेगळे दिसतात, की एकेकाळी पिवळा आणि निळा या दोन स्वतंत्र जाती मानल्या जात होत्या. प्रत्यक्षात ती एकच जात आहे. पिवळ्यांमध्ये बहुसंख्य माद्या असतात आणि त्यांच्यात मिसळून गेलेले काही नरही असतात. निळे मात्र सगळेच्या सगळे नर असतात. यातली खरी गंमत पुढेच आहे. जन्मतःच निळा असलेला मासा या जातीत नसतो. प्रत्येक निळा नर आधी पिवळा होता, आणि त्यांच्यापैकी बरेचसे आयुष्याचा एक भाग अंडी घालणारी मादी म्हणून जगलेले असतात.

हे ऐकल्यावर आपल्याला आश्चर्य वाटते, कारण आपला अनुभव सस्तन प्राण्यांचा आहे. माणसात गर्भधारणेच्या क्षणी एक्स आणि वाय गुणसूत्रांची जी जोडी जुळते, तिच्यावरून लिंगाची वाट ठरते आणि शरीर सहसा त्याच वाटेने पुढे जाते. निळडोक्याच्या शरीरात मात्र नर आणि मादी असे दोन्ही होण्याची सामग्री एकाच जनुकसंचात असते, आणि त्यातली कोणती बाजू केव्हा वापरायची हे त्याच्या भोवतालच्या समाजावरून ठरते. त्यामुळे या माशाचे लिंग समजून घ्यायचे, तर आधी त्याचा दिनक्रम आणि त्याची वस्ती पाहावी लागते.

अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले सहा-सात आठवडे खुल्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहतात. हा काळ नेमका मोजता आला तो माशाच्या कानातल्या बारीक खड्यांमुळे. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलये पडतात, तशी या खड्यांमध्ये दिवसागणिक पडतात, आणि बेंजामिन व्हिक्टर या अभ्यासकाने ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पिल्ले किती दिवस वाहत होती आणि खडकावर कधी उतरली, हे काढले. प्रवाळखडकाशी पोहोचलेले पारदर्शक पिल्लू आधी वाळूत शिरते, तिथे काही दिवस दडून स्वतःचे रूप पालटते आणि जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा छोटा मासा होऊन बाहेर येते. मग ते पाण्यातले सूक्ष्म प्लवक टिपू लागते आणि अधूनमधून मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवीही वेचून खाते. संपूर्ण आयुष्य फार तर तीनेक वर्षांचे असते, त्यामुळे पुढच्या सगळ्या उलाढाली याच अवधीत उरकाव्या लागतात.

प्रजननाला ठरावीक ऋतू नसतो. उष्ण कटिबंधातल्या खडकांवर ते जवळपास रोजच चालते, आणि तेही भर दुपारी. दिवस मध्यावर आला, की पिवळ्या माद्या चरणे सोडून खडकाच्या त्या टोकाकडे निघतात, जिथून प्रवाह खोल समुद्राकडे वाहतो, कारण तिथे सोडलेली अंडी खडकावरच्या खादाड तोंडांपासून लवकर दूर जातात. त्या टोकाला प्रत्येक निळ्या नराची एकेक हद्द असते. एखादा उंच प्रवाळ किंवा समुद्रपंखा ही त्याची खूण असते, आणि शेजारचा निळा नर तिथे डोकावला, तर त्याला लगेच पिटाळले जाते. या भांडणात त्याचे अंग गडद हिरवे दिसते. मादी जवळ आली, की तोच रंग फिका, मोतिया होतो, आणि तो तिच्या वर घिरट्या घालत छातीजवळचे पर भराभर फडफडवू लागतो. मादीची तयारी असेल, तर ती खडकावरून थोडी वर येते. मग दोघेही एकदम वरच्या दिशेने झेपावतात, झेपेच्या टोकाला क्षणभर धुरकट ढग दिसतो, आणि पुढच्या क्षणी दोघेही खाली परततात. सगळा प्रकार काही सेकंदांत आटोपतो. अंडी आणि शुक्राणू पाण्यातच एकत्र येतात आणि वाहून जातात. घरटे नाही आणि पिल्लांची देखभालही नाही. मादी त्या दिवसापुरती मोकळी होते. नर मात्र पुढच्या मादीकडे वळतो. मोक्याची हद्द राखून असलेला निळा नर एका दुपारीत पन्नास, कधी कधी शंभर वेळाही अशी झेप घेऊ शकतो.

लिंगबदलाचे सगळे अर्थशास्त्र या शेवटच्या आकड्यात आहे. मादी लहान असो की मोठी, ती आपल्या शरीरात मावतील तेवढी अंडी घालते आणि ती फलित करणारा कोणी ना कोणी तिला मिळतोच. नराचे तसे नसते. लहान नराला हद्द मिळत नाही, आणि हद्द नसेल तर लहान खडकावर त्याच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. उलट मोठ्या नराच्या वाट्याला डझनावारी माद्या येतात. मग लहान असताना मादी राहून रोजचे खात्रीचे उत्पन्न घ्यावे आणि अंगाने पुरेसे मोठे झाल्यावर नर होऊन मोठ्या नफ्याकडे वळावे, हा हिशेब कोणाही व्यापाऱ्याला पटेल असा आहे. अर्थात मासा असा विचार करत नाही. ज्यांच्या शरीरात असा बदल योग्य वेळी घडला त्यांची पिल्ले अधिक झाली, आणि पिढ्यानपिढ्या तोच गुण टिकला, एवढेच. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल घिसेलिन यांनी १९६९ मध्ये ही कल्पना सर्व प्राण्यांना लागू पडेल अशा रूपात मांडली. त्यानंतर रॉबर्ट वॉर्नर, रॉस रॉबर्टसन आणि एगबर्ट ली यांनी पनामाच्या खडकांवर याच माशाचे निरीक्षण करून १९७५ मध्ये ती प्रत्यक्ष आकड्यांवर घासून पाहिली.

आता समजा, एखाद्या लहान खडकावरचा निळा नर एखाद्या शिकारी माशाने गिळला, किंवा अभ्यासकाने जाळ्यात धरून बाजूला नेला. अशा वेळी उरलेल्यांपैकी सर्वांत मोठ्या मादीचे वागणे काही मिनिटांत, फार तर काही तासांत बदलते. ती इतर माद्यांवर धावून जाऊ लागते, रिकाम्या झालेल्या हद्दीत फेऱ्या मारते आणि दुपार झाली, की नराप्रमाणे त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागते. या वेळी तिच्या पोटात अंडाशय शाबूत असते, कदाचित त्या दिवशीची अंडीही तयार असतात. पुढच्या एक-दोन दिवसांत अंगाचा पिवळा रंग उतरू लागतो. आतमध्ये अंडाशयातील अंडपेशी मरू लागतात आणि त्यांच्या जागी शुक्राणू तयार करणारी ऊती वाढू लागते. आठ ते दहा दिवसांत तिथे पक्व शुक्राणू असलेले वृषण तयार होते. साधारण वीस दिवस झाले, की निळे डोके, काळे पट्टे आणि हिरवे अंग अशा पूर्ण पोशाखातला नर त्या हद्दीवर उभा असतो. जुन्या शरीराची एक खूण मात्र मागे राहते: अशा नराचे वृषण कापून पाहिले, तर त्याच्या मधोमध पूर्वीच्या अंडाशयाची पोकळी आढळते. ज्या नराने कधी मादीपण अनुभवलेले नाही, त्याच्या वृषणात ती नसते.

या क्रमात वागणे आधी बदलते आणि अवयव मागाहून, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण आपली सर्वसाधारण समजूत याच्या उलट असते. वृषणातून संप्रेरके येतात आणि त्यामुळे प्राणी नरासारखा वागतो, असे आपण धरून चालतो. जॉन गॉडविन, डेव्हिड क्रूज आणि वॉर्नर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीची चांगलीच परीक्षा घेतली. त्यांनी मोठ्या माद्यांची अंडाशये शस्त्रक्रियेने काढून टाकली, त्यांना पुन्हा खडकावर सोडले आणि तिथले निळे नर हटवले. आता या माद्यांच्या शरीरात अंडाशयही नव्हते आणि वृषणही तयार होणार नव्हते. तरीही त्यांनी हद्द ताब्यात घेतली, प्रियाराधन केले आणि इतर माद्यांबरोबर वर झेपही घेतली. त्यांचा रंग मात्र पिवळाच राहिला, कारण निळ्या पोशाखासाठी वृषणातून येणारी संप्रेरके लागतात. इतर माद्यांनी त्या पिवळ्या, शुक्राणूहीन ‘नरां’ना नर म्हणून स्वीकारले, हा या प्रयोगातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे. थोडक्यात, नर होण्याचा पहिला आदेश पोटातून येत नाही. आपल्यापेक्षा मोठे आता इथे कोणी नाही, हे डोळ्यांनी पाहिलेल्या मेंदूतून तो येतो.

मेंदूत नेमके काय घडते याचा काही भाग आज ठाऊक आहे. माशांच्या मेंदूत व्हॅसोटोसिन नावाचे एक लहान रसायन असते, आपल्या शरीरातील व्हॅसोप्रेसिनचे ते जवळचे नातलग आहे. वर्चस्व मिळवणाऱ्या मादीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागात त्याची निर्मिती वाढते. आणि औषध देऊन त्याचा परिणाम रोखला, तर मोकळी हद्द समोर असूनही ती मादी नराची जागा घेत नाही. मेंदूकडून निघालेला निरोप अंडाशयापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नावर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाकडे बोट दाखवले जाते, कारण सामाजिक उलथापालथीत त्याच्याशी संबंधित जनुकांचे काम बदललेले आढळते.

अंडाशयातील घडामोडींचे चित्र अधिक स्पष्ट आहे. ते कळायला ॲरोमाटेज हे एकच नाव लक्षात ठेवले तरी पुरते. ॲरोमाटेज हे विकर नर-संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकात करते. अंडाशय हे एकदा बांधून झाले की आपोआप टिकणारे घर नाही, त्याला इस्ट्रोजेनचा पुरवठा सतत लागतो. शेतातल्या बांधासारखा हा प्रकार आहे, डागडुजी थांबली की बांध ढासळलाच म्हणून समजा. लिंगबदलाच्या सुरुवातीलाच ॲरोमाटेजचे जनुक मंदावते, इस्ट्रोजेन घटते, मादीपण सांभाळणारी जनुके एकामागून एक गप्प होतात आणि त्यांनी आजवर दाबून ठेवलेली नराची जनुके जागी होतात. मग माशांमधील प्रभावी नर-संप्रेरक, म्हणजे अकरा-किटोटेस्टोस्टेरॉन, वाढू लागते. न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठाच्या एरिका टॉड, नील गेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडाजवळच्या खडकांवरील माशांमध्ये हा सगळा क्रम टप्प्याटप्प्याने तपासून २०१९ मध्ये मांडला. त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. डीएनएची अक्षरे तीच राहतात, पण त्यावर असलेल्या रासायनिक खुणा, ज्यांच्यामुळे एखादे जनुक वाचले जाते किंवा वगळले जाते, त्या या काळात मोठ्या प्रमाणावर पुसल्या जाऊन नव्याने लिहिल्या जातात. पोथी तीच राहते, पण कोणती पाने चिकटवून ठेवायची आणि कोणती मोकळी करायची, हे बदलते.

इथवरचे वर्णन ऐकून प्रत्येक निळडोक्या आधी मादीच असतो असे वाटेल, पण सुरुवातीला उल्लेख केलेले पिवळे नर या चित्रात अजून बसायचे आहेत. ते पहिल्यापासून नरच असतात, फक्त दिसतात मादीसारखे. लहान खडकावर त्यांना फारसा वाव नसतो, कारण मूठभर माद्यांवर एक निळा नर सहज लक्ष ठेवतो. शेकडो माशांची वस्ती असलेल्या मोठ्या खडकावर मात्र निळ्या नराची मक्तेदारी कोलमडते. तो एकाला हाकलतो तोवर दुसरे पाच हद्दीत शिरलेले असतात. तिथे पिवळे नर टोळ्या करून मादीला गाठतात आणि एका मादीसोबत दहा-वीस नर एकाच वेळी झेपावतात. कधी एखादा पिवळा नर निळ्याच्या ऐन झेपेत घुसून आपलेही शुक्राणू सोडून पळतो. अशा गर्दीत ज्याचे शुक्राणू जास्त त्याची लॉटरी लागण्याची शक्यता जास्त, म्हणून छोट्या पिवळ्या नराचे वृषण शरीराच्या मानाने खूपच मोठे असते. निळ्या नराचे वृषण त्या मानाने लहान असते आणि दिवसभर पुरवायचे असल्याने तो प्रत्येक झेपेत शुक्राणू मोजूनमापून सोडतो. जिवंत राहिला तर पिवळा नरही मोठा होऊन निळा होतो, फक्त त्याला लिंग बदलावे लागत नाही.

पिल्लू सुरुवातीला मादी व्हायचे की पिवळा नर, हेसुद्धा वस्तीच ठरवते असे दिसते. फिलिप मंडे, विल्सन व्हाइट आणि वॉर्नर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकेकटी वाढवलेली पिल्ले मादी झाली, तर तीन-तीनच्या गटात वाढवलेल्यांमध्ये एखादा नर निपजण्याकडे कल दिसला. दाटी असेल तर नर होण्यात फायदा आहे, विरळ वस्तीत मादी होण्यात; मोठ्या माशाचाच हिशेब इथे पिल्लूही करते.

हा हिशेब उलटाही असू शकतो. जिथे कोणी एक नर माद्यांना अडवून धरू शकत नाही, तिथे मोठ्या अंगाचा खरा उपयोग जास्त अंडी वाहण्यासाठी होतो, आणि तिथे मासे आधी नर असून पुढे मादी होतात. चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेला नारिंगी क्लाउनफिश असाच आहे. पण त्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. कोकणात मानाचा समजला जाणारा जिताडा याच प्रकारातला आहे. तो बहुधा नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी, लांबी ऐंशी सेंटिमीटर ते मीटरभर झाली, की मादी होतो. खारेपाटातल्या तळ्यांतून दोन-तीन किलोंचा जिताडा घरी येतो तेव्हा तो बहुतेक वेळा नर असतो, आणि लाखोंनी अंडी देणाऱ्या माद्या त्याच्याहून कितीतरी मोठ्या असतात. रावसही आधी नर आणि मग मादी होणारा आहे. याउलट हेकरूच्या कुळातल्या अनेक जाती निळडोक्याप्रमाणे आधी मादी आणि नंतर नर होतात. निवडून सगळे मोठे मासे धरले, तर पहिल्या गटात माद्यांचा आणि दुसऱ्या गटात नरांचा तुटवडा पडतो, म्हणून किती लांबीचा मासा धरावा या चर्चेत लिंगबदलाचा विषय येतोच. निळडोक्याच्या सख्ख्या गोतातला, लहानशा निळ्या पट्ट्याचा सफाईगार मासा लक्षद्वीप आणि अंदमानच्या खडकांवर दिसतो. तोही मादीचा नर होतो, आणि त्याच्या कळपात एका नरामागे माद्यांची उतरंड इतकी पक्की असते, की पुढचा नर कोण होणार हे आधीच सांगता येते.

पुन्हा निळडोक्याच्या दुपारकडे येऊ. निळा नर हद्द राखतो, भांडतो आणि ऐटीत मिरवतो, त्यामुळे ती जागा त्याने निवडली असेल असे पाहणाऱ्याला वाटते. वॉर्नर यांनी पनामाच्या खडकांवर प्रजननाच्या ८७ जागा नोंदवून त्यांच्यावर १२ वर्षे लक्ष ठेवले. मासा तीनेक वर्षे जगतो हे धरले, तर एवढ्या काळात चारेक पिढ्या होऊन गेल्या, तरी माशांच्या रोजच्या दुपारच्या जागा त्याच राहिल्या. या जागा खडकावरच्या सर्वांत सोयीच्या असाव्यात, ही पहिली शंका. ती तपासण्यासाठी त्यांनी काही खडकांवरचे सगळे मासे काढून तिथे दुसरीकडचे मासे आणून सोडले. नव्या रहिवाशांनी जुन्या जागांऐवजी नव्याच जागा धरल्या आणि मग त्या टिकवल्या. पुढे त्यांनी काही खडकांवर फक्त नर बदलले आणि काहींवर फक्त माद्या. नर बदलले तेव्हा नवे नर जुन्याच जागांवर येऊन भांडू लागले. माद्या बदलल्या तेव्हा जागा बदलल्या, आणि निळे नर त्यांच्यामागोमाग नव्या टोकाला हद्द आखायला गेले.